प्रश्नपत्रिकेतील धर्म

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांसाठी सामान्यज्ञानाची जी पुस्तके निघतात, त्यांत 'जगातील प्रमुख धर्म' या शीर्षकाचा एक तक्ता बहुधा असतोच. पुस्तक मराठी असो, हिंदी असो वा इंग्रजी. तक्त्याची घडण सारखीच. डावीकडे धर्माचे नाव, त्यापुढे संस्थापक, मग धर्मग्रंथ, प्रार्थनास्थळ आणि शेवटी प्रमुख सण. दिवसभर काम करून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या परीक्षार्थीला असा तक्ता फार सोयीचा वाटतो. दहा-बारा ओळी पाठ केल्या की दोन-चार गुणांची निश्चिती होते. 'जोड्या लावा' हा प्रश्नप्रकार तर जणू या तक्त्यासाठीच जन्माला आला आहे.

असा तक्ता निरुपयोगी आहे, असे कोणी म्हणणार नाही. अवेस्ता हा पारशी समाजाचा धर्मग्रंथ, त्रिपिटक हे बौद्धांचे, सिनेगॉग हे यहुदी लोकांचे प्रार्थनास्थळ, इतकी प्राथमिक माहिती नागरिकाला असावी, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु धर्मासारख्या विषयाचे ज्ञान जोखताना हा साचा कितपत खरा उतरतो आणि तो पाठ करणाऱ्याच्या मनावर धर्माचे कोणते चित्र उमटवतो, याचा विचार परीक्षा घेणाऱ्यांनी करायला हवा. परीक्षा देणाऱ्यांनीही करायला हरकत नाही.

'संस्थापक' हा रकाना पाहावा. हिंदू धर्मापुढे तेथे आडवी रेघ असते. ती पाहून वाचणाऱ्याला वाटते, येथे काहीतरी उणे आहे. वास्तविक उणेपणा त्या रकान्यातच आहे. प्रत्येक धर्म कोणा एका व्यक्तीने, एका ठरावीक काळी स्थापन केलेला असतो, हे गृहीत धरून तो आखला गेला आहे. जैन धर्मापुढे पुष्कळ पुस्तकांत वर्धमान महावीर असे छापलेले असते. परीक्षेत हे उत्तर लिहिणाऱ्याला गुण मिळतो. मात्र तेच उत्तर त्याने एखाद्या जैन घरात सांगितले, तर घरातील वडीलधारी मंडळी त्याला थांबवतील. जैन परंपरेनुसार महावीर हे चोविसावे तीर्थंकर. त्यांच्या आधी तेवीस तीर्थंकर झाले. त्यांतील पहिले ऋषभदेव आणि तेविसावे पार्श्वनाथ. ज्याने आधीपासून चालत आलेल्या परंपरेचा शेवटचा महान दीप उजळला, त्याला पहिला दीप लावणारा ठरवणे, हे त्या परंपरेच्या स्वतःविषयीच्या समजुतीशी विसंगत आहे.

इस्लामच्या बाबतीतही असेच घडते. महंमद पैगंबर हे इस्लामचे संस्थापक, हे वाक्य शाळेच्या पुस्तकांतून इतके रुळले आहे की त्यात काही खटकण्यासारखे आहे, हे सहसा लक्षात येत नाही. श्रद्धावान मुसलमान मात्र पैगंबरांकडे अखेरचे प्रेषित म्हणून पाहतो. त्याच्या श्रद्धेनुसार आदमपासून प्रेषितांची मालिका सुरू होते. इब्राहीम, मूसा, ईसा हे सारे त्याच मालिकेतील. इतिहासकाराने सातव्या शतकातील अरबस्तानात एका नव्या धर्मसमाजाचा उदय झाला असे लिहिणे योग्यच आहे. तो त्याच्या शास्त्राचा भाग आहे. पण 'इतिहासानुसार' आणि 'श्रद्धेनुसार' ही दोन उत्तरे वेगळी असू शकतात, हे तक्त्याच्या एका चौकटीत मावत नाही. आणि येशू ख्रिस्त? ते स्वतः यहुदी घरात जन्मले, यहुदी म्हणून वाढले आणि त्यांचे पहिले शिष्यही यहुदीच होते. ही गोष्ट ध्यानात घेतली तर दोन धर्मांमधील नाते एकाएकी स्पष्ट होते. तक्त्यात मात्र यहुदी आणि ख्रिस्ती या दोन ओळी एकमेकींना न ओळखता वरखाली उभ्या असतात.

'सर्वांत प्राचीन धर्म कोणता?' या आवडत्या प्रश्नाविषयी येथेच एक शब्द. धर्म म्हणजे काय आणि त्याचा आरंभ कोठून मोजायचा, हे ठरवल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. आणि ते ठरवण्याचे काम वस्तुनिष्ठ प्रश्नाच्या चार पर्यायांचे नव्हे. हा प्रश्न काढून टाकला तर कोणाचेच नुकसान होणार नाही.

'धर्मग्रंथ' या रकान्याची अडचण थोडी वेगळी आहे. तेथे नाव बहुधा बरोबर असते, पण त्या नावाने जे कळायला हवे ते कळत नाही. शीख धर्मापुढे 'गुरू ग्रंथसाहिब' असे लिहिलेले असते. हे उत्तर अचूक आहे. पण या ग्रंथाच्या आत कोणाचे शब्द आहेत? इ. स. १६०४ मध्ये पाचवे गुरू अर्जनदेव यांनी आदिग्रंथाचे संकलन पूर्ण केले, तेव्हा त्यात गुरूंच्या वाणीबरोबर कबीर, रविदास, शेख फरीद अशा संतांच्या रचनाही त्यांनी आदराने समाविष्ट केल्या. त्यांत मुसलमान सूफी आहेत आणि समाजाने अस्पृश्य मानलेल्या जातीतील संतही आहेत. महाराष्ट्राचे संत नामदेव यांच्या ६१ रचना या ग्रंथात आहेत. पंढरपूरच्या विठ्ठलाचा हा भक्त उत्तरेत गेला, पंजाबात दीर्घकाळ राहिला. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. म्हणूनच २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरवण्यात आले. पुढे १७०८ मध्ये दहावे गुरू गोविंदसिंग यांनी गोदावरीकाठी नांदेड येथे देह ठेवण्यापूर्वी ग्रंथालाच गुरुपद दिले, अशी शीख परंपरा आहे. म्हणजे पंढरपूरहून निघालेला एक स्वर पंजाबात जाऊन ग्रंथात सामावला आणि तो ग्रंथ गुरू झाला महाराष्ट्राच्या भूमीवर. 'शीख धर्माचा ग्रंथ कोणता?' या प्रश्नाच्या उत्तरात यातले काहीही येत नाही. 'गुरू ग्रंथसाहिबमध्ये पुढीलपैकी कोणत्या मराठी संताच्या रचना आहेत?' असे विचारले तरी निदान एक दार किलकिले होते.

शिवाय काही परंपरांना ग्रंथच नाही. भारताच्या जनगणनेत हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि जैन या सहा धर्मांखेरीज 'इतर धर्म व पंथ' असा एक गट असतो. २०११ च्या जनगणनेत या गटात सुमारे ७९ लाख लोकांची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ४९ लाख ६० हजार जणांनी आपला धर्म 'सरना' असा सांगितला होता. झारखंड आणि लगतच्या राज्यांतील उराँव, मुंडा, हो आदी आदिवासी समाजांचा हा श्रद्धामार्ग. सरना म्हणजे गावाजवळ राखून ठेवलेली पवित्र वनराई, मुख्यतः सालवृक्षांची. वसंतात सालाला फुले आली की तेथे सरहुल हा सण साजरा होतो. येथे संस्थापक नाही, ग्रंथ नाही, भिंती आणि छप्पर असलेले प्रार्थनास्थळ नाही. जनगणनेत सरना धर्मासाठी स्वतंत्र नोंद असावी, असा ठराव झारखंड विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये संमत केला. तक्त्यातील पाच रकान्यांपैकी तीन ज्या धर्मापुढे रिकामे राहतील, तो धर्म बहुतेक तक्ते गाळूनच टाकतात. जनगणनेच्या आकड्यांनुसार देशात पारशी समाज ६० हजारांच्याही आत आहे आणि त्याला तक्त्यात हक्काची ओळ आहे, ती असायलाच हवी. पण जवळजवळ अर्धा कोट लोकांच्या श्रद्धेला ओळ नाही. रांचीचा विद्यार्थी 'जगातील प्रमुख धर्म' पाठ करतो तेव्हा त्यात त्याच्या आजोबांचा धर्म नसतो. त्यातून तो काय शिकतो, हे प्रश्नपत्रिका काढणाऱ्याच्या मनात येत नसावे.

धर्मविषयक सामान्यज्ञानाची चाचणी मोठ्या प्रमाणावर आणि पद्धतशीरपणे घेण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत झाला. तेथील प्यू संशोधन केंद्राने २०१० मध्ये ३,४१२ प्रौढांना दूरध्वनीवरून ३२ प्रश्न विचारले. त्यांत बायबल आणि ख्रिस्ती धर्माविषयीचे प्रश्न होते, तसेच इतर जागतिक धर्मांविषयीचे आणि धर्म व शासन यांच्या संबंधाविषयीचेही होते. सरासरी उत्तरे बरोबर आली १६, म्हणजे निम्मी. अमेरिका हा पाश्चात्त्य देशांत अधिक धर्मनिष्ठ मानला जाणारा देश. तरीही प्रॉटेस्टंट पंथीयांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना, ज्याच्या लेखनातून प्रॉटेस्टंट सुधारणेची प्रेरणा मिळाली त्या मार्टिन ल्यूथरचे नाव ओळखता आले नाही. प्रभुभोजनातील भाकरी आणि द्राक्षरस हे प्रत्यक्ष ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, ही कॅथलिक चर्चची शिकवण. ती ४५ टक्के कॅथलिकांना ठाऊक नव्हती. दलाई लामा बौद्ध आहेत, हे निम्म्याहून थोड्या कमी लोकांना सांगता आले. आणि सर्वाधिक गुण कोणाला मिळाले? स्वतःला नास्तिक किंवा अज्ञेयवादी म्हणवणाऱ्यांना. त्यांच्या पाठोपाठ यहुदी आणि मॉर्मन, म्हणजे त्या देशातील दोन अल्पसंख्य समाज.

या निकालाची त्या वेळी बरीच चर्चा झाली आणि काहींनी श्रद्धावंतांची थट्टाही केली. ती थट्टा अस्थानी होती. अल्पसंख्याला बहुसंख्यांचा धर्म जाणून घ्यावाच लागतो. त्याचे कॅलेंडर, सुट्ट्या, म्हणी, शपथा साऱ्या त्या धर्माने रंगलेल्या असतात. बहुसंख्याला उलट दिशेने पाहण्याची गरज पडत नाही, आणि स्वतःचा धर्म तर श्वासासारखा. त्याची माहिती गोळा करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. आपल्याकडे एखाद्या भाविक गृहस्थाला चातुर्मास कोणत्या तिथीला सुरू होतो हे चटकन सांगता आले नाही, तर त्याची भक्ती कमी ठरत नाही. चाचणी माहिती मोजते, श्रद्धा मोजत नाही. निकाल वाचणाऱ्याने या दोहोंची गल्लत करू नये.

याच केंद्राने २०१९ मध्ये वेगळ्या प्रश्नांसह पुन्हा चाचणी घेतली. त्यात असे आढळले की, एखाद्या परधर्माविषयी ज्यांना अधिक माहिती असते, त्यांच्या मनात त्या धर्माच्या अनुयायांविषयी सहसा अधिक आपुलकी असते. ज्ञानामुळे आपुलकी उपजली की आपुलकीमुळे ज्ञान मिळवले गेले, हे अशा चाचणीवरून ठरत नाही. पण दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात, इतके दिसते.

अज्ञानाची किंमत कधीकधी फार भयंकर असते. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर दहशतवादी हल्ला झाला. त्यानंतर चारच दिवसांनी, १५ सप्टेंबरला, ॲरिझोना राज्यातील मेसा या गावी आपल्या पेट्रोल पंपासमोर उभ्या असलेल्या एका भारतीय शीख गृहस्थाला एका माथेफिरूने गोळ्या घालून ठार केले. पगडी आणि दाढी एवढ्याच खुणा त्याने पाहिल्या होत्या. ही घटना सांगताना अनेक जण म्हणतात, 'मारेकऱ्याला शीख आणि मुसलमान यांतला फरक ठाऊक असता, तर हा अनर्थ टळला असता.' या वाक्याशी थोडे थांबायला हवे. तो गृहस्थ मुसलमान असता, तर त्याची हत्या क्षम्य ठरली असती काय? अमेरिकेतील शीख समाजानेही 'आम्ही ते नव्हेत' एवढेच म्हणून सुटका करून घेण्याचा मार्ग पुष्कळ प्रसंगी नाकारला, हे त्या समाजाचे मोठेपण. धर्मांची नावे आणि खुणा नीट ओळखता येणे आवश्यक आहे; पण ते ज्ञान केवळ ओळख पटवण्यापुरते राहिले, तर त्याचा उपयोग कोणाला वेचून काढायचे हे ठरवण्यासाठीही होऊ शकतो. सामान्यज्ञानाची परीक्षा घेणाऱ्याने ही शक्यता डोळ्यांआड करू नये.

भारतात धर्मांविषयीचे ज्ञान पुस्तकापेक्षा शेजारातून अधिक येते. लग्नाचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याला जैन पंगतीत कांदा, लसूण, बटाटा चालत नाही हे ठाऊक असते. फळविक्रेत्याला रमजानमध्ये संध्याकाळी खजूर अधिक खपणार याचा अंदाज असतो. कोकणात शतकानुशतके राहणाऱ्या बेने इस्राएल समाजाचा पूर्वापार व्यवसाय तेलाच्या घाण्याचा. ते शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून आसपासच्या लोकांनी त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. यहुदी धर्म हा शब्द त्या खेडुतांनी ऐकलाही नसेल. पण त्या धर्माची एक मुख्य आज्ञा, सातव्या दिवशी विश्रांती घेण्याची, त्यांनी अचूक टिपली होती. 'यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस कोणता?' या एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या बोलीत कायमचे कोरले गेले होते.

अशा शेजारज्ञानाला मर्यादाही आहेत. प्यू केंद्रानेच २०१९-२० मध्ये भारतात सुमारे ३० हजार प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. त्याचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६६ टक्के हिंदूंनी आणि ६४ टक्के मुसलमानांनी आपण एकमेकांहून फार वेगळे आहोत असे सांगितले. आणि त्याच अहवालात दुसरीकडे असे दिसते की कर्मसिद्धान्तावर विश्वास असलेल्या हिंदूंचे प्रमाण ७७ टक्के आहे आणि मुसलमानांचेही नेमके ७७ टक्केच. गंगाजलाच्या पावित्र्यावर जवळजवळ एक-तृतीयांश ख्रिस्ती लोकांचा विश्वास आहे. आता परीक्षेत 'कर्मसिद्धान्त कोणत्या धर्मात नाही?' असा प्रश्न आला, तर छापील उत्तर आणि देशातील माणसांचे उत्तर यांचा मेळ बसणार नाही. धर्मशास्त्र काय सांगते आणि अनुयायी काय मानतात, यांत अंतर असते. एखादा प्रश्न या दोहोंपैकी नेमके काय विचारतो आहे, हे त्याच्या शब्दांतच स्पष्ट असायला हवे.

येथे एक शंका स्वाभाविकपणे निघते. शासनाच्या खर्चाने चालणाऱ्या शिक्षणात धर्मांविषयी प्रश्न विचारावेत काय? भारतीय संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. तथापि धर्माची दीक्षा देणे आणि धर्मांची ओळख करून देणे यांतील भेद मान्य झालेला आहे. विद्यापीठीय शिक्षणाचा विचार करणाऱ्या राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्येच थोर धर्मपुरुषांची चरित्रे आणि निरनिराळ्या धर्मग्रंथांतील सार्वत्रिक स्वरूपाचे वेचे विद्यार्थ्यांना द्यावेत अशी शिफारस केली होती. पुढे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याविरुद्ध अरुणा रॉय आदींनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००२ मध्ये निकाल दिला. त्यातही धर्मांचा अभ्यास संविधानाने निषिद्ध केलेला नाही, असेच मत मांडले गेले. म्हणजे दार बंद नाही. आत कोणत्या पावलांनी जायचे, एवढाच प्रश्न उरतो.

या बाबतीत एका जुन्या अभ्यासकाचा दाखला उपयोगी पडतो. अल्-बिरूनी हा मध्य आशियातील विद्वान गझनीच्या महमुदाच्या काळात भारतात आला. आक्रमणांचा तो काळ. परस्परांविषयी विश्वास वाटावा असे काहीच नव्हते. महमुदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची वाताहत झाली, हे त्याने स्वतःच नोंदवले आहे. तरी त्याने संस्कृतचा अभ्यास केला, पंडितांशी चर्चा केली आणि इ. स. १०३० च्या सुमारास भारतीयांच्या श्रद्धा, शास्त्रे आणि चालीरीती यांवर अरबी भाषेत विस्तृत ग्रंथ लिहिला. हा खंडनमंडनाचा ग्रंथ नसून हिंदूंचे म्हणणे जसे आहे तसे मांडण्याचा आपला हेतू आहे, असे तो आरंभीच सांगतो. त्याची सर्वच मते आज पटतील असे नाही. काही ठिकाणी तो बराच कठोर होतो. पण त्याने स्वतःसमोर ठेवलेली कसोटी आजच्या प्रश्नपत्रिकेलाही लावण्यासारखी आहे. एखाद्या धर्माविषयीचे उत्तर त्या धर्माच्या माणसाने वाचले, तर 'होय, हे आमचेच आहे' असे त्याला म्हणता यावे.

या कसोटीला उतरणारे प्रश्न काढणे अवघड आहे, अशक्य नाही. सणांचा रकाना घ्यावा. 'रमजान ईद कोणत्या महिन्यात येते?' हा प्रश्न इंग्रजी महिन्यांच्या पर्यायांसह विचारला गेला, तर त्याला कायमचे उत्तरच नाही. त्याऐवजी असे विचारता येईल: दिवाळी नेहमी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच येते, ईद मात्र काही वर्षांनी उन्हाळ्यात, काही वर्षांनी हिवाळ्यात येते, असे का? उत्तर आकाशात आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे. हिंदू पंचांगात हा फरक साठत गेला की साधारण अडीच ते तीन वर्षांनी अधिक मास धरून तो भरून काढतात. इस्लामी कालगणनेत अधिक मास नाही. त्यामुळे तिचे महिने दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतात आणि सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतात. ईस्टरचा रविवारही चंद्राकडे पाहूनच ठरतो, म्हणून त्याची तारीखही दरवर्षी बदलते. एकाच चंद्राकडे पाहून तीन समाजांनी तीन प्रकारे हिशेब मांडला. हे ज्याला एकदा कळले, तो ईदची तारीख 'यंदा अलीकडे कशी आली' म्हणून आश्चर्य करणार नाही.

इतिहासाचा एक प्रश्न तर केवळ एका ताम्रपटावर काढता येईल. ख्रिस्ती धर्म भारतात पोर्तुगीज किंवा इंग्रज यांच्याबरोबर आला, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. केरळातील कोल्लम येथील एका चर्चला वेणाडच्या हिंदू अधिपतीने दिलेले ताम्रपट इ. स. ८४९ चे आहेत. वास्को द गामा भारतात पोहोचला १४९८ मध्ये. म्हणजे साडेसहाशे वर्षांचे अंतर. पण त्या ताम्रपटांचे महत्त्व तेवढ्यावर संपत नाही. त्यांवर साक्षीदारांच्या ज्या सह्या आहेत, त्या अरबी, पहलवी आणि हिब्रू अशा तीन लिप्यांत आहेत. कोल्लम हे मोठे बंदर होते. व्यापारासाठी तेथे आलेले मुसलमान, इराणी आणि यहुदी लोक एका ख्रिस्ती चर्चला हिंदू राजवटीने दिलेल्या हक्कांचे साक्षीदार म्हणून उभे राहिले होते. त्यांनी हे सर्वधर्मसमभावाच्या भावनेने केले, असे म्हणण्याची घाई करू नये. व्यापारात भरवशाचे साक्षीदार लागतात, हे पुरेसे कारण आहे. तरीही नवव्या शतकातील त्या बंदरावर कोण कोण होते, हे या एका पुराव्यावरून जितके कळते तितके पाच रकान्यांच्या तक्त्यावरून कळणार नाही.

यावर परीक्षा मंडळांची एक व्यवहारी अडचण असते आणि ती खोटी नाही. लाखो उत्तरपत्रिका ठरावीक मुदतीत तपासायच्या असतात. दीर्घ उत्तराला एक परीक्षक पाच गुण देतो, दुसरा तीन. धर्माचा विषय असल्यामुळे तक्रारीची भीतीही असते. म्हणून नाव, सन आणि ग्रंथ यांचे एका गुणाचे प्रश्न राहणारच. परंतु एका गुणाचा प्रश्नही विचारपूर्वक रचता येतो. 'मोहरम हा कोणत्या धर्माचा सण आहे?' या प्रश्नात एक चूक आधीच दडलेली आहे. मोहरम हे महिन्याचे नाव. त्याच्या पहिल्या तारखेला इस्लामी वर्ष सुरू होते आणि दहाव्या तारखेला, इ. स. ६८० मध्ये करबला येथे हौतात्म्य पत्करलेल्या इमाम हुसेन यांचे स्मरण केले जाते. शिया समाजासाठी ते शोकाचे दिवस असतात. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कित्येक गावी पंजे आणि ताबूत यांच्या मिरवणुकीत हिंदू घराणीही पिढ्यान्‌पिढ्या सहभागी होत आली आहेत. त्याच दिवशी शहरातील सुशिक्षित माणसे परस्परांना 'मोहरमच्या शुभेच्छा' पाठवतात, जशा ती गुड फ्रायडेलाही, येशूच्या मृत्यूच्या दिवशी, पाठवतात. हेतू चांगला असतो, पण ज्याला शुभेच्छा मिळतात तो क्षणभर अवघडतो. त्याऐवजी असे विचारावे: पुढीलपैकी कोणत्या दिवशी त्या धर्माच्या शेजाऱ्याला शुभेच्छा देणे उचित ठरणार नाही? आणि पर्याय द्यावेत चार: नाताळ, गुड फ्रायडे, बुद्धपौर्णिमा, गुरुनानक जयंती. गुण एकच, तपासायला क्षणभराचेच काम; पण उत्तर देणाऱ्याला नाताळ आणि गुड फ्रायडे यांतील अंतर आठवावे लागेल.